समाचाराला जाताना

माणूस जन्माला आला की घरातली माणसे त्याला बोलायला शिकवतात. पुढे शाळा त्याला लिहायला शिकवते. दहावीपर्यंत आम्ही अभिनंदनाची पत्रे लिहिली, पुस्तकांच्या मागणीची पत्रे लिहिली, गटार तुंबल्याच्या तक्रारी लिहिल्या, आजारपणाच्या रजेचे अर्ज लिहिले. निमंत्रणपत्रिका कशी असावी, आभार कसे मानावेत, हेही गुरुजनांनी फळ्यावर लिहून दाखवले. पण ज्या घरात काल अचानक मृत्यू झाला आहे, त्या घराच्या उंबऱ्यात उभे राहून काय बोलावे, हे मात्र कोणत्याही इयत्तेत कोणी शिकवले नाही. वास्तविक या प्रसंगातून कोणाचीच सुटका नाही. लग्नाची पत्रिका लिहिण्याची वेळ आयुष्यात एकदोनदा येते, समाचाराला जाण्याची वेळ मात्र पुन्हा पुन्हा येते.

मी आमच्या घरातली कॉलेजात आलेली पहिली मुलगी. माझे वडील सातवीपर्यंत शिकले, आई चौथीपर्यंत, आणि आजी तर अंगठाबहाद्दर. त्यामुळे कागदावरचे काहीही आले की घरात मला बोलावतात, आणि चार शब्द बोलायचे असले की गावातही मला पुढे करतात. "तू शिकलेली आहेस, तू बोल," असे म्हणतात. या शिकलेपणाचा मला थोडा अभिमानही होता. तो एका सकाळी कसा गळून पडला, हे सांगितल्यावाचून या लेखातले पुढचे काही सांगता येणार नाही.

आमचे गाव चांदवड तालुक्यात आहे. २०२४ सालच्या एप्रिलची अखेर होती. उन्हाळ कांदा काढायचे काम चालू होते. माझी बालमैत्रीण, जिच्याबरोबर मी पहिलीपासून दहावीपर्यंत एका बाकावर बसले, ती आपल्या आईबरोबर दुसऱ्याच्या रानात कांदे काढायला गेली होती. दुपारनंतर आभाळ भरून आले. वळिवाचा पाऊस सुरू झाला. बायका गोठ्याकडे पळाल्या. ती मात्र कांद्याच्या ढिगावर प्लॅस्टिकचा कागद टाकून त्यावर दगड ठेवण्यासाठी मागे राहिली, आणि नंतर बांधावरच्या लिंबाखाली जाऊन उभी राहिली. त्या लिंबावर वीज पडली.

मी त्या दिवशी परीक्षेसाठी तालुक्याला होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आजीबरोबर तिच्या घरी गेले. तिची आई, जिला मी लहानपणापासून मावशी म्हणते, भिंतीला टेकून बसली होती. मला पाहताच तिने माझा हात धरला आणि विचारले, "असं कसं झालं गं?"

मला वाटले, हा प्रश्न आहे आणि मी शिकलेली आहे, तेव्हा याचे उत्तर मी दिले पाहिजे. मी म्हणाले, "मावशी, विजा चमकत असताना एकट्या उंच झाडाखाली उभं राहायचं नसतं. वीज उंच वस्तूवर आधी पडते."

मावशीने माझा हात सोडला. ती काही बोलली नाही. घरातल्या बायका एकदम गप्प झाल्या. मी बोलले त्यात एक शब्दही खोटा नव्हता. तरीही आपल्या हातून काहीतरी भयंकर घडले आहे, एवढे मला कळले. काय घडले ते मात्र चार दिवसांनी कळले. पाऊस आल्यावर गोठ्याच्या दारातून मावशीनेच लेकीला हाक मारून सांगितले होते, "भिजशील, लिंबाखाली हो."

या प्रसंगानंतर मी वर्षभर या विषयाचा विचार करत आहे. ग्रंथालयात जे मिळाले ते वाचले, संस्कृतच्या आणि मानसशास्त्राच्या प्राध्यापकांना प्रश्न विचारले, आणि त्याहून अधिक म्हणजे आजीबरोबर चारपाच ठिकाणी समाचाराला जाऊन नुसती ऐकत बसले. त्यातून जे उमगले ते माझ्या बंधुभगिनींपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पहिली गोष्ट अशी की, सगळे मृत्यू सारखे नसतात आणि म्हणून सगळीकडे एकच शब्द चालत नाहीत. नव्वदीचे आजोबा नातवंडांच्या मांडीवर गेले, तर आपल्याकडे "सोनं झालं" असे म्हणतात, आणि ते कोणाला खटकत नाही. दीर्घ आजारानंतर मृत्यू आला तर "सुटले बिचारे" हे शब्दही घरची माणसे स्वतःच उच्चारतात. तिथे मनाची थोडी तयारी झालेली असते. निरोप घेतलेला असतो, तोंडात पाणी घातलेले असते. पण अपघात, वीज, सर्पदंश, बुडणे किंवा एकाएकी बंद पडलेले हृदय यांत निरोपच नसतो. सकाळी घासून पालथा घातलेला तिचा डबा संध्याकाळी तसाच असतो. अशा ठिकाणी "सोनं झालं" या जातीचे शब्द म्हणजे दुसऱ्याच्या मापाची चप्पल. ती पायात तर जात नाहीच, उलट टोचते.

अशा दुःखाचा शास्त्रीय अभ्यासही झालेला आहे. अमेरिकेतील बोस्टन शहरात २८ नोव्हेंबर १९४२ रोजी कोकोनट ग्रोव्ह नावाच्या करमणुकीच्या ठिकाणी आग लागली आणि ४९२ माणसे मृत्युमुखी पडली. त्या आगीत आप्त गमावलेल्यांना, तसेच अन्य मृतांच्या नातेवाइकांना, एरिक लिंडेमन या मनोविकारतज्ज्ञाने जवळून पाहिले आणि १९४४ साली आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. दुःख लाटांसारखे येते, असे त्याने नोंदवले. लाट आली की घसा आवळतो, श्वास अपुरा पडतो, उसासे येतात, पोटात खड्डा पडल्यासारखे होते. माणसाच्या डोळ्यांपुढून मृताची मूर्ती हलत नाही. आणि आणखी एक गोष्ट. मागे राहिलेला माणूस मृत्यूच्या आधीचे क्षण पुन्हा पुन्हा तपासतो आणि त्यात स्वतःची चूक शोधत राहतो. मी त्याला थांबवले असते तर? मी तिला हाक मारली नसती तर?

हे वाचले तेव्हा माझ्या वाक्याने काय केले ते मला समजले. मावशी जो खटला रात्रभर स्वतःवर चालवत होती, त्यात सकाळी मी जाऊन सरकारी साक्षीदाराप्रमाणे साक्ष दिली होती. "असं कसं झालं?" हा दुःखी माणसाचा उद्गार दिसायला प्रश्नासारखा असला तरी तो प्रश्न नसतो. त्याला उत्तर नको असते, हुंकार हवा असतो.

विजेविषयीची माहिती सांगूच नये, असे मला म्हणायचे नाही. ती जरूर सांगावी. आपल्याकडे मार्च ते मे या काळात दुपारनंतर वळिवाची वादळे येतात. त्या वेळी झाड सोडून पक्क्या घरात जावे. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज साठून राहत नाही, त्याला ताबडतोब हात लावून मदत करता येते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' नावाचे मोबाईल ॲप विजेची पूर्वसूचना देते. हे सारे ग्रामसभेत सांगावे, शाळेत सांगावे, कांद्याच्या हंगामाआधी पारावर सांगावे. दुःखाच्या ओसरीवर मात्र सांगू नये. शब्दाला अर्थ असतो तशी वेळही असते. चुकीच्या वेळी सांगितलेले खरे हे दगडासारखे लागते.

मी ज्या घरांत गेले तिथे कानावर पडलेली वाक्ये मी मनात जुळवून पाहिली. ती साधारण पाच प्रकारची आहेत.

पहिला प्रकार चौकशीचा. "नक्की झालं कसं? हेल्मेट नव्हतं का? दवाखान्यात न्यायला उशीर झाला का?" विचारणारा सहज विचारतो, पण त्या घरातल्या माणसाला दिवसातून पन्नास वेळा तोच प्रसंग सांगावा लागतो. त्याने आपणहोऊन सांगितले तर शेवटपर्यंत ऐकावे. आपण उकरू नये.

दुसरा प्रकार ईश्वरी इच्छेचा. "देवाला जो आवडतो त्याला तो लवकर नेतो." ज्याची श्रद्धा आहे तो हे स्वतः म्हणेल आणि त्यात त्याला आधारही मिळेल. पण बाहेरच्याने म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात येते, मग मला नव्हती का ती आवडत?

तिसरा प्रकार तुलनेचा. "निदान दुसरा मुलगा तरी आहे." "त्या अमक्याचे तर दोघे गेले." एका लेकराची भरपाई दुसऱ्या लेकराने होत नाही, हे कोणत्याही आईला विचारावे. शिवाय तो दुसरा मुलगा तिथेच कोपऱ्यात बसलेला असतो, आणि आपण भरपाई म्हणून उरलो आहोत, हे त्याला त्या दिवशी कळते.

चौथा प्रकार उपदेशाचा. "रडू नको, धीर धर, तूच खचलीस तर घरच्यांनी कोणाकडे बघायचं?" यात भावना चांगली असते, पण ज्याच्या डोक्यावर आधीच डोंगर कोसळला आहे त्याच्या पाठीवर आपण आणखी एक ओझे देतो.

पाचवा प्रकार वरवर निर्दोष वाटतो. "काही लागलं तर सांगा." हे म्हणून आपण मोकळे होतो. पण दुःखात बुडालेल्या माणसाला काय लागते हेच कळत नसते, आणि मागायला जीभ उचलत नाही.

हे सारे बोलणारे लोक वाईट नसतात, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. मीही वाईट हेतूने बोलले नव्हते. आपल्याला ती शांतता सहन होत नाही. समोरच्याचे दुःख पाहून आपल्या पोटात भीती उभी राहते, आणि ती भीती झाकण्यासाठी आपण घाईघाईने काहीतरी बोलतो. म्हणजे त्या शब्दांनी सांत्वन होते ते आपलेच.

सांत्वनाचे शब्द निष्फळ ठरतात, हा अनुभव आपल्या पूर्वसूरींनाही होता. कालिदासाच्या 'रघुवंशा'च्या आठव्या सर्गात अज राजाची राणी इंदुमती उद्यानात बसलेली असताना आकाशमार्गाने जाणाऱ्या नारदाच्या वीणेवरची माळ तिच्या अंगावर पडते आणि ती तत्काळ प्राण सोडते. अचानक मृत्यूचे याहून नाजूक चित्र माझ्या वाचनात नाही. अजाचा विलाप सुरू होतो. कुलगुरू वसिष्ठ यज्ञात गुंतलेले असतात म्हणून ते शिष्याबरोबर निरोप पाठवतात. मरण हीच देहाची प्रकृती आहे, आणि आप्तांच्या अखंड अश्रूंनी मृताला दाह होतो, असा तो उपदेश. आजही आपण "रडू नका, तिच्या आत्म्याला त्रास होईल" असे म्हणतो, ते किती जुने आहे पाहा! राजा नम्रपणे मान हलवतो, शिष्याला निरोप देतो. पण कवी म्हणतो की, शोकाने भरलेल्या त्या हृदयात त्या उपदेशाला जागाच मिळाली नाही आणि जणू तो शिष्याबरोबरच गुरूकडे परत गेला. मुलगा लहान आहे एवढ्यासाठी अजाने पुढे आठ वर्षे कशीबशी काढली. वसिष्ठांचे ज्ञान खोटे नव्हते. पण ते स्वतः आले नाहीत, ज्ञान पाठवले. हा भेद मला फार महत्त्वाचा वाटतो.

याउलट 'कुमारसंभवा'त मदन भस्म झाल्यावर शोक करणाऱ्या रतीपुढे त्याचा सखा वसंत स्वतः येऊन उभा राहतो. त्याला पाहताच रती अधिकच रडू लागते. आपले माणूस समोर आले की दुःखाची दारे उघडतात, असे कवी तिथे म्हणतो. आपण गेल्यावर समोरचा माणूस जास्त रडू लागला तर आपण घाबरतो, आपले जाणे चुकले असे समजतो. वास्तविक ते दार आपल्यासाठी उघडलेले असते.

भवभूतीच्या 'उत्तररामचरिता'त म्हटले आहे की, तलाव तुडुंब भरला की पाणी वाहून जाऊ देणे हाच उपाय, आणि शोकाचेही तसेच आहे. आमच्या गावच्या पाझर तलावाला सांडवा आहे. सांडवा बुजवला तर बांध फुटेल, हे शाळेत न गेलेला माणूसही सांगतो. ज्ञानेश्वरांनी १२९६ साली आळंदीला समाधी घेतली त्या प्रसंगावरच्या नामदेवांच्या अभंगांतही निवृत्तिनाथांच्या दुःखाला फुटलेल्या तळ्याचीच उपमा आली आहे. निवृत्तिनाथ तर ज्ञानदेवांचे गुरू. मृत्यू म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? तरी त्यांचा बांध फुटला, आणि नामदेवांनी ते झाकले नाही. तेव्हा "शिकलेल्या माणसाने रडू नये" हे आपण कोणत्या आधारावर म्हणतो?

किसा गोतमीची कथा सर्वांना माहीत आहे. मेलेले मूल कडेवर घेऊन ती औषध मागत बुद्धाकडे आली. सगळेच मरतात, हे तो तिला एका वाक्यात सांगू शकला असता. त्याने तिला ज्या घरात कोणी मेले नाही अशा घरातून मोहरी आणायला सांगितले. ती दारोदार फिरली आणि प्रत्येक दारात तिला कोणीतरी आपले दुःख सांगितले. माझ्या अल्पमतीला असे वाटते की, तिचे सांत्वन मोहरीने केले नाही आणि तत्त्वज्ञानानेही केले नाही. प्रत्येक उंबऱ्यावर तिला आपल्यासारखे एक माणूस भेटले, त्याने केले.

मग बोलावे तरी काय? याचे उत्तर मला ग्रंथांत अर्धेच मिळाले. बाकीचे अर्धे आजीकडे होते.

त्या सकाळी मी मावशीला विजेचे शास्त्र सांगून गप्प झाले, तेव्हा आजी पुढे सरकून मावशीला लागून बसली. बराच वेळ ती काहीच बोलली नाही. मग तिने माझ्या मैत्रिणीचे नाव घेतले आणि म्हणाली, "गेल्या बाजाराच्या दिवशी माझ्या डोक्यावरची पाटी तिनंच उतरवून घेतली. म्हणाली, आजी, तुझी मान मोडंल." एवढेच. मावशी तिच्या गळ्यात पडून रडू लागली. त्या घरात कालपासून सगळे "ती", "पोर", "बिचारी" असे म्हणत होते. तिचे नाव कोणी घेत नव्हते. आजीने नाव घेतले आणि ती कशी मेली हे बाजूला ठेवून ती कशी होती ते सांगितले.

चौथ्या दिवशी मावशीने पहिल्यांदाच आजीपाशी ते बोलून टाकले, "मीच तिला लिंबाखाली धाडलं." मी दचकले. शिकलेला माणूस इथे "तुमची काही चूक नाही" असे म्हणाला असता आणि मावशीने ते मानले नसते. आजी म्हणाली, "अगं, पावसात लेकराला आडोशाला हो म्हणायचं नाही, तर काय म्हणायचं? मी असते तरी हेच म्हणाले असते." यात खोटे काहीच नाही. यात निवाडाही नाही. आजी नुसती मावशीच्या शेजारी, गोठ्याच्या त्या दारात जाऊन उभी राहिली.

यावरून मी काही साध्या गोष्टी शिकले. शक्य असेल तर स्वतः जावे. गेल्यावर जवळ बसावे, शांततेला घाबरू नये. "मला काय बोलावं सुचत नाही" हे प्रामाणिक वाक्य कोणत्याही सुविचारापेक्षा चांगले. गेलेल्या माणसाचे नाव घ्यावे. त्याची एखादी खरी, लहानशी आठवण सांगावी. "फार गुणी होती" याने काही होत नाही, पाटी उतरवून घेतली, याने होते. आणि "काही लागलं तर सांगा" म्हणण्याऐवजी काम आपणच ठरवून करावे. आमच्या गावात मृत्यूच्या घरी चूल पेटत नाही, शेजारून पिठले-भाकरी येते. कोणी विचारत नाही की, "भाकरी आणू का?" आणतातच. कोणी गुरांना वैरण टाकते, कोणी पाणी भरते, कोणी तलाठ्याकडे पंचनाम्याच्या कागदांसाठी जाते. ज्याच्या तोंडात शब्द नसतात त्याच्या हातात ते असतात.

आपल्या भाषेनेही या प्रसंगाची एक मर्यादा राखली आहे. एरवी कोणाच्याही घरातून निघताना आपण "येतो" म्हणतो, "जातो" म्हणत नाही. पण समाचाराच्या घरातून उठताना "येतो" म्हणायचे नसते, आणि घरचेही "या" म्हणत नाहीत. अशा कारणाने पुन्हा यायची वेळ न येवो, ही त्यामागची भावना. निरोपाचा एक शब्द गाळूनही केवढे बोलता येते!

आता लिहिण्याविषयी. पूर्वी मृत्यूची बातमी कोपरा फाडलेल्या पोस्टकार्डाने येई आणि वाचून झाल्यावर ते कार्ड घरात ठेवत नसत, असे आजी सांगते. आता बातमी मोबाईलवर येते आणि मिनिटभरात व्हॉट्सॲपच्या गटावर "भावपूर्ण श्रद्धांजली"ची रांग लागते. इथे एक फरक ध्यानात घेतला पाहिजे. श्रद्धांजली मृताला वाहायची असते, सांत्वन जिवंताचे करायचे असते. गटावर श्रद्धांजली लिहिली म्हणजे सांत्वन झाले, असे नाही. दुसऱ्याचा मजकूर जसाच्या तसा पुढे ढकलू नये. चारच ओळी लिहाव्यात, पण त्या त्याच माणसाला लागू पडतील अशा असाव्यात. वर्गातल्या एखाद्या मैत्रिणीचे वडील अपघातात गेले तर मी आता असे लिहीन :

"तुझ्या बाबांची बातमी काल कळली. काय लिहावे सुचत नाही, पण न लिहिता राहवतही नाही. स्नेहसंमेलनाच्या रात्री आमची शेवटची बस चुकली तेव्हा ते आम्हा तिघींना घरापर्यंत सोडायला आले होते, आणि वाटभर आम्हाला हसवत होते. या महिन्यातली इतिहासाची टिपणे मी तुझ्यासाठी लिहून ठेवते आहे. उत्तर पाठवण्याची घाई करू नकोस. रविवारी मी तुझ्याकडे येते."

यात अलंकार नाही, पण नाते आहे, आठवण आहे, एक काम आहे आणि एक ठरलेला दिवस आहे. माझ्या मते एवढे पुरे.

शेवटचा मुद्दा काळाचा. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेले असते. चौदाव्या दिवशी ते एकदम रिकामे होते, आणि खरे दुःख तेव्हा दार लावून आत येते. पहिली पंचमी, पहिली दिवाळी, तिचा वाढदिवस, हे दिवस फार कठीण असतात. त्या दिवशी गेलेले एक माणूस पहिल्या दिवशीच्या गर्दीतल्या शंभरांपेक्षा अधिक. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस या विदुषीने १९६९ साली मांडलेल्या पाच अवस्था पुष्कळांना ठाऊक आहेत. पण त्या मुळात मरणासन्न रुग्णांच्या मुलाखतींवरून मांडलेल्या होत्या. मागे राहिलेल्यांचे दुःख त्या पाच पायऱ्या ओळीने चढत जाते असे नव्हे. म्हणून "अजून तू त्यातच आहेस?" असे कोणाला विचारू नये. मात्र महिनोन्‌महिने अन्नपाणी, झोप सुटली असेल किंवा जगणेच नको असे कोणी बोलू लागले, तर एकट्याच्या शब्दांवर विसंबू नये, डॉक्टरांना दाखवावे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेली-मानस' सेवेत १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते.

मी स्वतः मावशीकडे पुन्हा जायला फार दिवस लावले. लाज वाटत होती. त्या वर्षीच्या नागपंचमीला, जेव्हा आम्ही दोघी दरवर्षी झोका बांधायचो, मी मन घट्ट करून गेले. प्रथम म्हणाले, "मावशी, त्या दिवशी मी बोलू नये ते बोलले." ती म्हणाली, "तू लेकरू आहेस," आणि मला बसायला पाट दिला.

मग मी तिला एक गोष्ट सांगितली. बारावीच्या परीक्षेच्या महिन्यात गावात पाण्याची टंचाई होती आणि आमच्या घरचे पाणी भरायचे काम माझ्याकडे होते. विहिरीवर नंबर लावण्यातच सकाळ जायची. तेव्हा माझ्या मैत्रिणीने, जिची स्वतःची शाळा दहावीलाच सुटली होती, महिनाभर पहाटे उठून आमचे दोन हंडे भरून दारात ठेवले. कोणाला सांगू नको म्हणाली. ते पाणी तिने भरले नसते तर मी आज या महाविद्यालयात नसते.

मावशी ऐकत राहिली. मग म्हणाली, "मला नव्हती बोलली कधी." थोड्या वेळाने म्हणाली, "कुठल्या हंड्यानं भरायची?" मी म्हणाले, "तुमच्या पितळेच्या." मावशी उठली, आत गेली, आणि तो हंडा बाहेर आणून मधे ठेवला. आम्ही दोघी त्याच्याकडे पाहत बसलो. मग ती म्हणाली, "अजून सांग."

लेक गेल्यावर आईपाशी तिच्याविषयीचे नवे काही येत नाही. जे आहे तेवढेच पुन्हा पुन्हा आठवायचे. आपल्यापाशी मात्र त्या माणसाचा एखादा तुकडा असतो, जो घरच्यांना माहीत नसतो. तो नेऊन त्यांच्या ओंजळीत ठेवणे, याहून मोठे सांत्वन मला तरी ठाऊक नाही.

त्या दिवशी उठताना मी सवयीने "येते" म्हणाले आणि जीभ चावली. मावशी म्हणाली, "ये."